आग्रह न करणाऱ्यांचा पक्ष

शैलेंद्र मोडकच्या घरी जेवायला जाणे ही शारजातल्या मराठी मंडळींना एक परीक्षाच वाटे. अन्न उत्तम असे. अनुपमाच्या हाताला चव होती. पण यजमान कुणाला काही घ्या म्हणत नसे. पातेली टेबलावर मांडलेली, डाव त्यांत ठेवलेले, आणि शैलेंद्र आपले ताट वाढून घेऊन शांतपणे जेवायला बसलेला. पाहुण्याने जन्मजात सवयीने "नको, नको, पुरे" म्हटले की तो मान डोलावून ते मान्य करी आणि पातेल्यावर झाकण ठेवी. महाराष्ट्र मंडळाचे खजिनदार एकदा त्याच्याकडून अर्धपोटी उठले आणि खाली उतरून कोपऱ्यावरच्या केरळी हॉटेलात पराठा खाऊन मग घरी गेले, ही हकीकत प्रत्येक गणेशोत्सवात कुणी ना कुणी तिखटमीठ लावून सांगत असे.

शैलेंद्रला ती ठाऊक होती. त्याला तिचे काही वाटत नसे. दुसऱ्याचा 'नको' हा 'नको'च समजावा, त्याच्या पोटात शिरून त्यातला 'हो' शोधत बसू नये, हे त्याचे तत्त्व होते. आणि या तत्त्वावर त्याने ऐन पंचविशीत एक राजकीय पक्ष काढला होता.

पक्षाचे नाव अल्पशासन पक्ष. कर्वे रस्त्यावरच्या एका बंद पडलेल्या टंकलेखन वर्गाच्या खोलीत तो जन्मला. अर्थशास्त्रात एम. ए. झालेला शैलेंद्र, त्याचा शाळेपासूनचा मित्र निनाद सबनीस, आणि वकिलीची सनद नुकतीच हातात पडलेली सुजाता वाकणकर, असे तिघे संस्थापक. सरकारने न्यायालये चालवावीत, पोलीस ठेवावेत, रस्ते बांधावेत, आणि मग सामान्य माणसाच्या वाटेतून बाजूला व्हावे, एवढेच त्यांचे म्हणणे. शिंप्याने दुकानाचा फलक किती लांबीचा लावावा, हे मंत्रालयाने का ठरवावे? राज्यात तेव्हाही दोन मोठे तंबू होते, आजही आहेत. एकाला कंटाळलेला माणूस दुसऱ्यात जातो आणि पाच वर्षांनी परत येतो. या दोन तंबूंच्या मधल्या उन्हात उभे राहायचे, असे या तिघांनी ठरवले.

पक्षाची घटना शैलेंद्रने लिहिली. तिच्यात पक्षादेश नव्हता, शिस्तभंगाची कारवाई नव्हती, हायकमांड नव्हते. उलट एक कलम असे होते, की कोणताही सभासद दुसऱ्या सभासदास कोणत्याही निर्णयासाठी आग्रह करणार नाही. फार तर आपले मत सांगेल आणि थांबेल. ते कलम वाचून सुजाता हसली होती.

"अरे, पंगतीत वाढलेल्या मराठी माणसाला तू आग्रह नको म्हणतोस? अर्धा महाराष्ट्र उपाशी उठेल."

"उठू दे," शैलेंद्र म्हणाला होता. "भूक लागली तर मागायला शिकेल."

लोकांनी पक्षाला अल्पमत पक्ष म्हटले, अल्पाहार पक्ष म्हटले. अनामत रकमा नियमाने जप्त होत राहिल्या. या सगळ्यात शैलेंद्रचे लग्न झाले, आणि दुबईतल्या देरा भागातल्या एका व्यापारी कंपनीत त्याला नोकरी लागली. दोन वर्षांसाठी जातो, असे तो सांगून गेला. असे सांगून गेलेल्या माणसांची पुढे काय गत होते, हे आखातात येऊन राहिलेल्या कुणालाही सांगावे लागत नाही.

कंपनी झडपा, पंप आणि पाइप मागवून अबू धाबीकडच्या रुवैसच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांना पुरवत असे, आणि त्या मालाची कागदपत्रे शैलेंद्र पाही. घर शारजात, कारण भाडे कमी, कचेरी देऱ्यात, आणि मध्ये रोजची ती वाहनांची रांग, जिच्यात बसून त्याने आपल्या आयुष्याचा एवढा भाग घालवला की तेवढ्यात एखाद्याने सबंध ज्ञानशाखा आत्मसात केली असती. त्याने त्या रांगेत पक्षाच्या मासिक पत्रकासाठी लेख रचले. 'नियमांचे अजीर्ण', 'परवाना आणि प्रतिष्ठा', 'माय-बाप सरकार: एका नात्याची चिकित्सा'. वाक्ये घोटीव असत, उदाहरणे नेमकी असत आणि तक्रारींना अंत नसे. पुण्याची महापालिका, मुंबईचे मंत्रालय, वीज मंडळ, शिक्षण खाते, कुणीही त्याच्या लेखणीतून सुटले नाही. ज्या देशात तो राहत होता तिथे मात्र त्याने राजकारणाचे अवाक्षर कधी काढले नाही. आपण इथे पाहुणे, हे प्रत्येकाला न सांगता कळते. मंडळाच्या व्हॉट्सॲप गटात कुणी निवडणुकीचा विनोद टाकला तरी अध्यक्ष ताबडतोब "कृपया" एवढाच एक शब्द लिहीत, आणि तो विनोद नाहीसा होई. स्वातंत्र्यावर इतके लिहिणाऱ्या माणसाला या 'कृपया'चा कधी त्रास झाला नाही, ही गोष्ट त्याच्या फार उशिरा लक्षात आली.

तिकडे निनाद राबत होता. त्याने आपल्या शिकवणीच्या वर्गांना संध्याकाळ दिली आणि उरलेला दिवस पक्षाला. पिठाच्या गिरण्या चालवणारे, शिंपी, घरातून पोळीभाजी विकणाऱ्या बायका, सलूनवाले, अशा सगळ्यांबरोबर तो एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर हिंडत असे. एकेका परवान्यासाठी तो माणसामागे उभा राही, आणि तो मिळाला की त्या माणसाला सांगे, "हा परवाना लागायलाच नको होता, हे विसरू नका." लोक विसरले नाहीत. विधानसभेच्या निवडणुकीच्या वर्षी प्रथमच असे दिसू लागले, की पुण्याच्या पूर्वेकडच्या एका मतदारसंघात अल्पशासन पक्षाची अनामत वाचेल. कदाचित त्याहूनही अधिक काही घडेल.

आणि नेमके तेव्हाच दोनांपैकी एका तंबूने निनादला आत बोलावले. पक्ष विलीन करा, उमेदवारीचे पाहू.

निनाद दुबईला आला तो गणपतीनंतर. हवेतला दमटपणा अजून कमी झाला नव्हता. विमानतळाबाहेर पाऊल ठेवताच त्याच्या चष्म्याच्या काचा धुरकटल्या आणि तो क्षणभर आंधळ्यासारखा हात पुढे करून उभा राहिला.

"काय रे, स्वागत की शिक्षा?" तो म्हणाला.

"दोन्ही. गाडीत बस, एसी आहे."

सहज आलोय, असे त्याने फोनवर सांगितले होते. पण ज्या माणसाने सबंध आयुष्यात सहज म्हणून लोणावळाही पाहिले नव्हते, तो निवडणूक तोंडावर आलेली असताना व्हिसा काढून सहज येत नाही, हे अनुपमाने तेव्हाच ओळखले. शैलेंद्रनेही ओळखले होते. फक्त तो विचारत नव्हता.

पहिल्याच संध्याकाळी निनादने विषय काढला. ईश्वरी, शैलेंद्रची बारावीतली मुलगी, कानातली इअरफोनची बोंडे काढून टेबलाशी आली होती.

"हा निनादकाका," अनुपमाने ओळख करून दिली.

"ओह, द पार्टी अंकल!" ईश्वरी म्हणाली. "बाबा टॉक्स अबाउट यू ऑल द टाइम. डिड यू एव्हर विन?"

"नाही गं," निनाद खळखळून हसला. "आम्ही हरण्यात अव्वल आहोत. तुझा बाबा त्यातला सुवर्णपदकवाला, तो न लढताच हरतो."

सगळे हसले. शैलेंद्रही हसला. मग आमटी वाढून घेता घेता निनाद म्हणाला, "विलीन व्हावं म्हणतोय."

निनाद आमटीकडे पाहत बोलत राहिला. "माणसं थकलीत रे. मीपण थकलोय. दरवेळी तेच. लोक म्हणतात, सर, तुम्ही चांगले आहात, पण तुम्हाला मत म्हणजे वाया. तिकडे गेलो तर निदान आत बसून काही करता येईल. सुजाताचा विरोध आहे. ती म्हणते, आत गेलेला माणूस आतलाच होतो. पण सुजाताला काय, ती दगडाची आहे." तो थांबला. "तुला काय वाटतं?"

शैलेंद्रला काय वाटत होते? त्याला वाटत होते, की हे घडले तर आपल्या हातून आयुष्यात झालेली एकमेव गोष्ट पुसली जाईल. त्याला हेही वाटत होते, की सबनीस, तू जाऊ नकोस. अनामत जाऊ दे, तू जाऊ नकोस. हे शब्द त्याच्या जिभेवर अक्षरशः येऊन बसले होते.

"माझं मत तुला ठाऊक आहे," तो म्हणाला. "विलीनीकरण मला तात्त्विक दृष्ट्या चूक वाटतं. पण निर्णय तुझा. राबतोस तू."

"हो, पण तरी?"

"तरी काय? मत सांगितलं. पुढे मी बोलणं योग्य नाही."

निनादने मान हलवली. अनुपमाने भाताचे पातेले उचलले. "निनादभावजी, घ्या थोडा. काही खाल्लं नाहीत तुम्ही."

"नको वहिनी, खरंच पुरे."

"काही पुरे नाही, प्रवासातून आलात," असे म्हणत तिने भात वाढलासुद्धा, आणि निनादने तो मुकाट्याने, अगदी शीत न् शीत संपवला.

दुसऱ्या दिवशी शैलेंद्रने रजा टाकून त्याला दुबई दाखवली. उंच इमारत, सोन्याचा बाजार, मसाल्यांच्या गल्ल्या. निनाद सगळे पाहत होता आणि कशाकडेच पाहत नव्हता. खाडी ओलांडणाऱ्या लाकडी होडीतून, जिला इथे अब्रा म्हणतात, ते दोघे पाण्यावरून गेले आणि परत आले. होडीत निनाद म्हणाला, "तुला आठवतं, आपण पहिली सभा घेतली तेव्हा समोर फक्त मांडववाला होता?"

"आठवतं ना. आणि तोही पैसे घेऊन जायला थांबला होता."

"तेव्हा मी म्हटलं होतं, बंद करू या. तू म्हणाला होतास, मांडववाला ऐकतोय, बोल. आठवतं?"

शैलेंद्रला ते आठवत नव्हते. आपण असे कधी म्हटले असू, याचे त्याला नवल वाटले.

देऱ्याच्या धक्क्यावर जहूरची माल पाठवण्याची कचेरी होती. जहूर दापोलीकडचा, त्याची गलबते टायर, शीतपेट्या आणि पिठाची पोती घेऊन आफ्रिकेच्या किनाऱ्याला जात. शैलेंद्रची आणि त्याची ओळख जुनी. दोघांना पाहताच त्याने हाक मारली.

"या मोडकसाब! चा घेतल्याबिगर जायचं नाय. आणि हे पाव्हणे कोण, पुढारी? बसा, बसा. गनी, खुर्ची आण रे. आणि घरून मैमुनाबीनं दिलेला डबा पण आण, सांदणं हायत."

"नको हो, आत्ताच खाऊन आलो," निनाद म्हणाला.

"ते मी विचारलंच नाय," जहूर म्हणाला आणि सांदण त्याच्या हातात ठेवले.

चहा पिता पिता निनादनेच त्याला सगळे सांगितले. परक्या माणसाला सांगणे सोपे जाते. जहूरने लक्ष देऊन ऐकले. "म्हणजे दुकान सोडणार तुमी."

"दुकान कसलं जहूरभाई, टपरी."

"टपरी तर टपरी. गिऱ्हाईक येतं का?"

"यंदा यायला लागलं होतं."

"मग गिऱ्हाईक यायच्या टायमाला कोण फळ्या लावतो?"

निनादने शैलेंद्रकडे पाहिले. धक्क्यावरचे हमाल एक मोठे खोके शिडीवरून चढवत होते, आणि शैलेंद्रने आपली नजर त्या खोक्यावर ठेवली.

"जहूरभाई, तो त्याचा प्रश्न आहे," तो म्हणाला. "आपण कशाला त्यात?"

"आपण कशाला?" जहूरने कप खाली ठेवला. "अरे बाबा, माणूस समुंदर ओलांडून तुझ्यासमोर येऊन बसलाय. तो काय होड्या बघायला आलाय?"

निनाद हसला, पण ते हसू फार वेळ टिकले नाही. "आमच्या पक्षात पद्धत आहे जहूरभाई. आम्ही कुणाला ओढत नाही."

"मग तुमचा पक्ष चालला कसा इतकी वर्सं?" जहूरने खऱ्या कुतूहलाने विचारले.

परतीच्या दिवशी विमानतळावर शैलेंद्र निनादची ट्रॉली ढकलत आतपर्यंत गेला. सुरक्षातपासणीच्या दाराशी निनाद थांबला. पासपोर्ट त्याने खिशातून काढला, परत खिशात घातला. "बरं मग," तो म्हणाला.

"सांभाळून जा."

"आणखी काही?"

शैलेंद्रने विचार केला. खरेच केला. "पोचलास की मेसेज टाक," तो म्हणाला.

ठराव ऑनलाइन बैठकीत आला. मूठभर सभासद, प्रत्येकाचा चेहरा एकेका चौकोनात. निनादने ठराव मांडला, तोही हळू आवाजात. सुजाताने विरोध केला, तोही थोडक्यात. मग हात वर करून मते मोजली, आणि ठरावाच्या बाजूने एक मत अधिक भरले. शैलेंद्रने हात वर केला नव्हता.

"शैलेंद्र," सुजाता म्हणाली, "तुझं मत राहिलंय."

"मी तटस्थ आहे."

"तटस्थ म्हणजे?"

"सुजाता, निर्णयाचे परिणाम मी भोगणार नाही. मी इथे एसीत बसलोय. जो परिणाम भोगत नाही त्याने दुसऱ्यावर मत लादू नये. हे आपलंच तत्त्व आहे."

"तत्त्व नंतर सांग. तू विरोधात हात वर केलास तर बरोबरी होते, आणि बरोबरीत ठराव पडतो. कळतंय ना तुला?"

"कळतंय."

"मग?"

निनादच्या चौकोनात निनाद कॅमेऱ्याकडे पाहत नव्हता. तो बाजूला, कुठे तरी भिंतीकडे पाहत होता आणि हातातल्या पेनाचे टोपण काढत-घालत होता. सगळे थांबले होते. शैलेंद्रला स्वतःचा उजवा हात मांडीवर पडलेला दिसत होता. त्याने तो उचलला, आणि चष्मा सारखा केला.

"मी तटस्थ," तो म्हणाला.

ठराव संमत झाला. ज्या पक्षाने कुणावर कधी सक्ती केली नाही, तो कुणाच्याही सक्तीविना संपला.

अनुपमा दारात उभी राहून ऐकत होती. लॅपटॉप मिटल्यावर ती आत आली आणि पलंगाच्या कडेवर बसली.

"तू त्याला थांबवायला हवं होतंस," ती म्हणाली.

"मी कोण थांबवणारा?"

"तो त्याच्यासाठीच आला होता. मला म्हणाला स्वयंपाकघरात. भांडी विसळत होते मी, तर शेजारी उभं राहून म्हणाला, वहिनी, यानं एकदा नुसतं 'जाऊ नकोस' म्हणावं, मी उद्या त्या लोकांना फोन करून नाही सांगतो."

"मग तू मला सांगितलं का नाहीस?"

"मी का सांगू? तुमच्यात आग्रह करत नाहीत ना!" ती हे रागाने म्हणाली, आणि लगेच तिचा आवाज उतरला. "शैलेंद्र, खरं सांगू का? आग्रह करणाऱ्याच्या हातात पातेलं असावं लागतं. थांब म्हटलं की मग वाढावं लागतं. तू थांब म्हणाला असतास तर त्यानं विचारलं असतं, ठीक, मी थांबतो, तू येतोस का? आणि तुझी यायची तयारी नव्हती. म्हणून तुला तत्त्व आठवलं."

त्यावर देण्यासारखे उत्तर शैलेंद्रजवळ होते. इतकी वर्षे लेख लिहिणाऱ्या माणसाजवळ उत्तर असतेच. व्यक्तीचे स्वातंत्र्य आणि मैत्रीतले कर्तव्य यांच्यातला भेद त्याला परिच्छेद पाडून मांडता आला असता. त्याने ते मांडले नाही, आणि त्याच्या आयुष्यातल्या मोजक्या शहाणपणांत याची गणना करायला हरकत नाही.

उमेदवारी निनादला मिळाली नाही. ती ऐन वेळी कुणाच्या तरी जावयाला गेली. निवडणूक झाली, तंबू सत्तेवर आला आणि निनादची सोय लावण्यात आली. सरकारने परवाना सुलभीकरण महामंडळ नावाचे एक नवे महामंडळ निर्माण केले आणि त्याच्या उपाध्यक्षपदी त्याला बसवले. परवाने सोपे करण्यासाठी आता व्यावसायिकांनी प्रथम या महामंडळाकडे नोंदणी करावी आणि तिथला दाखला घेऊन मग जुन्या खिडक्यांवर जावे, अशी व्यवस्था झाली. शैलेंद्रने ही बातमी शारजाच्या रांगेत, ब्रेकवर पाय ठेवून वाचली. यावर लेख लिहायचा तर आता पत्रकच उरले नव्हते.

पुढच्या थंडीत निनाद शिष्टमंडळाबरोबर दुबईला आला. देऱ्यातल्या एका हॉटेलात अनिवासी उद्योजकांसाठी कार्यक्रम होता. शैलेंद्र कचेरीतून तसाच गेला. यावेळी काय बोलायचे ते त्याने रस्त्यातच पक्के केले होते. प्रस्तावना नाही, उदाहरणे नाहीत.

निनाद जरा भरला होता. जाकीट चांगल्या शिवणीचे होते. शैलेंद्रला पाहताच तो व्यासपीठाजवळच्या घोळक्यातून बाहेर आला आणि दोघे बाहेरच्या दालनातल्या एका सोफ्यावर बसले.

"अनुपमावहिनी कशा आहेत? ईश्वरी?"

"बऱ्या आहेत. निनाद, हे सोड."

"काय?"

"हे. महामंडळ. सोड आणि बाहेर ये. मी आग्रहानं सांगतोय. हात जोडून सांगतोय म्हण हवं तर. पक्ष पुन्हा काढू."

निनाद त्याच्याकडे पाहत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग आला असता तर शैलेंद्रला बरे वाटले असते. तिथे केवळ थकवा होता.

"तुला हे बोलता येतं, हे मला माहीत नव्हतं," तो म्हणाला. "आता ऐक. मी एकटा नाही गेलो तिकडे. त्या गिरणीवाल्यांच्या, पोळीभाजीवाल्या बायकांच्या दारात गेलो. ते म्हणत होते, सर, आम्हाला नको ते लोक. मी त्यांना म्हटलं, माझ्यावर विश्वास ठेवा. पायऱ्यांवर बसून म्हटलं, दोन-दोनदा जाऊन म्हटलं. शेवटी आले माझ्या शब्दावर. आता त्यांची पोरं तिथे कामाला लागलीयत, त्यांचे अर्ज माझ्या टेबलावर आहेत. मी उठलो तर त्यांना कोण उभं करील? तू?"

"मी येईन," शैलेंद्र म्हणाला. हे शब्द स्वतःलाच परके वाटावेत इतक्या चटकन निघाले.

"कधी?"

ईश्वरीचे विद्यापीठ. घराचे कर्ज. कंपनीने नुकताच वाढवलेला करार. ही सगळी त्याच्या डोळ्यांसमोर रांगेने येऊन उभी राहिली, आणि निनादला ती त्याच्या चेहऱ्यावर वाचता आली, कारण तो त्याला शाळेपासून ओळखत होता.

"राहू दे," निनाद म्हणाला आणि त्याच्या गुडघ्यावर थोपटले. "तुझी चूक नाही. माझं मलाच ठरवता यायला हवं होतं. पण तुला सांगतो, त्या वेळी फार बरं वाटलं असतं रे. नुसतं बरं वाटलं असतं."

आतून कुणीतरी "उपाध्यक्षसाहेब, फोटो!" असे ओरडले. निनाद उठला, जाकीट खाली ओढून सारखे केले आणि आत गेला.

गाडी काढून शैलेंद्र शारजाच्या रस्त्याला लागला तेव्हा सुजाताचा फोन आला. कित्येक महिन्यांत तिने फोन केला नव्हता.

"पक्षाची नोंदणी पुन्हा करतेय," ती म्हणाली. "नाव तेच ठेवावं म्हणते. घटना मात्र नवी लिहिणार आहे, ते सांगायला फोन केला. तू लिहिलेली होती म्हणून."

"चांगलं करतेयस," तो म्हणाला. मग घाईने, "संस्थापकांत माझं नाव घाल."

"नाही घालणार."

"का?"

"शैलेंद्र, नावं माझ्याकडे भरपूर आहेत. टेबलं उचलायला माणसं नाहीत. तू येणार असशील तर ये. दर रविवारी सकाळी आम्ही बसतो, माझ्या ऑफिसात, खाली रसवंतीगृह आहे त्याच्या वर. ये, खुर्च्या मांड, लोकांच्या दारात जा, शिव्या खा. मग नाव आपोआप येईल. येतोस?"

पुढची गाडी थोडी हलली आणि पुन्हा थांबली. दोन्ही बाजूंना लाल दिव्यांची रांग, आणि त्या रांगेत त्याच्यासारखीच घरी निघालेली माणसे. हो म्हणायला एक अक्षर पुरले असते.

"बघतो," तो म्हणाला. "ईश्वरीचं एकदा मार्गी लागलं की..."

त्याने थांबून ऐकले. सुजाताने फोन केव्हाच ठेवून दिला होता.